नामदेवचे दुसरे वाचन

शिरगाव, सोमवार, ९ जानेवारी १९६७

काचांची पेटी आली. पालघर स्टेशनवर पार्सलच्या बाबूने ती कानाशी धरून हलवली आणि विचारले, "आरसे का?" मी म्हटले, "तारे." त्याने सही घेतली. एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसलो. शेजारची सातपाटीची बाई म्हणाली, "काका, खाली ठेवा की, कोण नेत नाय." कोणी नेणार नाही हे मलाही ठाऊक आहे.

घरी येऊन मोजल्या. चौतीस, एकही तडकलेली नाही. सोबत संचालकांचे पत्र. वेधशाळेने आठ वर्षांत टिपलेल्या अतिदीप्त नवताऱ्यांची यादी मार्चअखेर छापखान्यात जायची आहे, सगळ्यांचे प्रकार एकाच माणसाने ठरवलेले असावेत, आणि तो माणूस मी. शेवटी लिहिले आहे, "आपल्या डोळ्यावर आमचा भरवसा आहे." दोनदा वाचले. घरात कुणी नव्हते म्हणून तिसऱ्यांदाही वाचले.

बायकोच्या आजारपणासाठी नोकरी सोडून इथे आलो तेव्हा वेधशाळेने त्यांचे जुने पितळी मोजणीयंत्र मला देऊन टाकले. सुलू पासष्टच्या श्रावणात गेली. तेव्हापासून यंत्रावर तिच्या लुगड्याचा तुकडा घातलेला होता. आज तो काढला. धुवायला टाकला नाही, घडी करून ठेवला.

बुधवार, ११ जानेवारी

टेबल उत्तरेच्या खिडकीशी लावले. नऊ ते अकरा उजेड चांगला, मग नारळाची सावली येते.

गोजराबाई केर काढता काढता थांबली. ती वाडीतले आणि घरातले दोन्ही बघते, आणि माझ्यावरही तिची देखरेख असतेच. "ह्या काचांत काय बघायचं?" तिने विचारले.

मी सांगितले. फार लांबचा एखादा तारा फुटतो. महिना-दोन महिने इतका पेटतो की आख्ख्या आकाशगंगेच्या तोडीला येतो. त्याचा उजेड लोलकातून पसरवून काचेवर घेतात. काचेवर सगळे उलटे असते, उजेड पडला तिथे काळे. त्या पट्ट्यात हायड्रोजनची रेघ असली तर दुसरा प्रकार, नसली तर पहिला.

"म्हणजे सोयरिकीच्या आधी कूळ बघतात तसं."

"तसेच."

"आणि कूळ समजलं की काय करायचं? तो तर मेला ना?"

गोजराबाईशी बोलताना मी दर वेळी हरतो. सुलूही तिच्यापुढे हरत असे.

चार काचा वाचल्या. उजवा डोळा यंत्राला, डावा मिटलेला, चोवीस वर्षांचा रिवाज आहे. सुलू म्हणायची, डाव्या डोळ्याला तुम्ही फुकट पोसता. गडद रेघा झकास दिसतात. पुसट रेघा मात्र खोडसाळ असतात. नजर जरा बाजूला असली की आहेत असे वाटते, सरळ पाहिले की नाहीत. शिकाऊ माणूस फसतो तो इथेच. मी सरळ पाहतो आणि नसेल तर नाही म्हणतो.

हे मी नामदेवला शंभरदा तरी सांगितले असेल. त्याचे नाव या वहीत आणायचे नव्हते. आले.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुलू असताना आज घरात पाय ठेवायला जागा नसे. आज गोजराबाईने पुडीतले दोन लाडू दिले आणि म्हणाली, गोड बोला. कुणाशी, ते तिने सांगितले नाही.

दुपारी पायी सातपाटीपर्यंत गेलो. काम काही नव्हते. खाडीपलीकडे मुरबे दिसते. घरांपुढे बोंबील वाळत घातलेले, किनाऱ्यावर होड्या. बराच वेळ उभा होतो. होडीवाल्याने विचारले, "येताय का?" मी म्हटले, वारा खायला आलो आहे.

रविवार, २२ जानेवारी

आज ती आली. सुगंधा, नामदेवची बायको. पहिल्यांदाच पाहिली. हातात सुक्या बोंबलांची जुडी. ओटीवरच उभी राहिली. "मी नामदेव तामोऱ्याची. मुरब्याची," म्हणाली.

मी बस म्हटले. बसली नाही.

"तारापूरला अणुवीजघराचं काम चाललंय, तितं यंत्रावरची मानसं घेणार हायत. काटे बघायचे, आकडे लिवायचे. त्यांचं नाव गेलंय. सत्तावीस फेब्रुवारीला बोलावलंय. पण आधीच्या नोकरीचा कागद मागतात. त्या कागदावर लिवलंय, ह्याचं वाचन भरवशाचं नाय."

"हो. लिहिले आहे."

"तुमी लिवलंत."

"मीच लिहिले."

"मग तुमीच खोडा ना, भाऊ. आता सिमेंटच्या गोदामावर हायत. दिवसभर गोणी. घरी आल्यावर खोकतात."

मी तिला सांगितले की मी खोटे लिहू शकत नाही. ती म्हणाली, खोटं कोण लिवा म्हणतंय, कायतरी बरं लिवा. दोघांत काय फरक आहे हे तिला समजावत बसलो. ती ऐकत राहिली. मग जुडी ओटीवर ठेवली आणि निघाली. मी हाक मारून परत घ्यायला सांगितले, तिने मागे वळून पाहिले नाही.

इतके दिवस लिहायचे टाळले, आज लिहून टाकतो. नामदेवला अठ्ठावन्न साली मी वेधशाळेत नेले. मुरब्याच्या मांगेला मच्छीमाराचा पोरगा, मॅट्रिक, डोळा घारीचा. सहा वर्षे आमच्या घरी जेवला. आम्हाला मूल नाही. सुलू त्याला भाताबरोबर मासळी करून घालायची, आणि वेधशाळेच्या त्या गावात मासळी मिळवायला मला आठ मैल सायकल मारावी लागे. चौसष्टच्या जानेवारीत एक काच आली. आमचा नियम असा की दोघांनी वेगवेगळे वाचायचे, एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहायचे आणि मग चिठ्ठ्या उघडायच्या. माझ्या चिठ्ठीवर पहिला प्रकार. त्याच्या चिठ्ठीवर दुसरा, आणि रेघेची जागासुद्धा. मी पुन्हा पाहिले. नव्हती. संचालक आणि आणखी तिघे उभे होते. त्यांच्यासमोर मी त्याला म्हटले, "तिथे काहीही नाही. आता पाहा आणि सांग." त्याने पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. आणि म्हणाला, "नाय दिसत."

नसलेली रेघ असल्याचे लिहायचे आणि विचारल्यावर फिरायचे, हे मोजणाऱ्याला शोभत नाही. मी तसा शेरा दिला. तो गेला. सुलू माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही.

सुलूच्या तेराव्याला तो इथे आला होता. कुंपणाशी उभा होता. मी बोललो नाही. तोही नाही.

गोजराबाईने बोंबील भाजले. फार चांगले होते, त्यामुळे आणखीच राग आला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

सगळ्या काचा झाल्या. बासष्टच्या उन्हाळ्यापूर्वीच्या अकरा काचांची माझीच जुनी वाचने वहीत होती, तीच कायम ठेवली. नंतरच्या तेवीस नव्याने पाहिल्या. चौसष्टची 'ती' काच दहा मिनिटे पाहिली, इतरांना तीन मिनिटे देतो. रेघ नाही.

एक गंमत ध्यानात आली. जुन्या अकरांत दुसऱ्या प्रकारचे सहा. नंतरच्या तेवीसांत फक्त दोन! हे सहज घडणे नाही. बासष्टनंतर आपल्या वाट्याला येणारे तारेच बदलले की काय? संचालकांना सविस्तर पत्र लिहिले, यादीला या निरीक्षणाचे टिपण जोडावे असे सुचवले. लिहिताना कित्येक महिन्यांत वाटला नव्हता इतका आनंद वाटला. हे वाचून दाखवायला सुलू हवी होती. तिला कळले नसते, पण तिने चहा केला असता.

पत्र टाकून आल्यावर वाडीत गेलो. लिंबाच्या पानांना कीड लागली का पाहायला भिंग घेतले, डावा डोळा मिटून चारपाच पाने तपासली. स्वच्छ. गोजराबाई मागून म्हणाली, "किती बारीक अळ्या हायत, बघितल्या?" या बाईला वाटेल ते दिसते.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

संचालकांचे उत्तर. माझे टिपण यादीला जोडणार, माझ्या नावासह! छापलेल्या पानावर माझे नाव कधीच आलेले नाही. चोवीस वर्षे "साहाय्यकांच्या मदतीने" एवढ्यात मी मावत होतो.

सोबत एक नवी काच. गेल्या महिन्यात फुटलेला तारा. तिथल्या दोन नव्या मोजणाऱ्यांची दोन मते पडली आहेत, निवाडा मी करायचा. लगेच पाहिली. रेघ नाही. पहिला प्रकार. उद्या कळवतो, म्हणजे टिपणात चोवीसावी काच म्हणून जाईल.

शनिवार, ११ फेब्रुवारी

पत्र लिहिले नाही. उजवा डोळा ठणकतो आहे, रांजणवाडी येणार असे दिसते.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आली. डोळा पूर्ण मिटला. गोजराबाईने लवंग उगाळून लावली आणि वर पट्टी बांधली. निवडणुकीची जीप कर्णा लावून तीनदा गेली. ऐकू मात्र दोन्ही कानांनी येते.

नुसता बसून आहे. बसले की मुरब्याचे विचार येतात. बोंबील संपले.

बुधवार, १५ फेब्रुवारी

रेघ आहे.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

काल याहून जास्त लिहिता आले नाही. आता क्रमाने लिहितो.

उजव्या डोळ्याला पट्टी होती, आणि पत्र तर पाठवायचे होते. नुसती जागा पुन्हा मोजू म्हणून डावा डोळा यंत्राला लावला. सवय नाही, पाणी येत होते. नवी काच लावली. यंत्रातली खुणेची तार हायड्रोजनच्या जागी नेली. आणि तिथे, तारेखाली, पुसट पण रुंद, चांगली दिसणारी रेघ. मी डोळा काढला, पुसला, काच पुसली, भिंग पुसले. पुन्हा लावला. रेघ होती. सरळ पाहत होतो आणि ती जात नव्हती.

मग पेटीतल्या काचा एकामागून एक लावत गेलो. तेवीसांपैकी नऊ काचांत रेघ आहे. चौसष्टची काच मी शेवटी ठेवली होती. तिच्यात आहे. नामदेवने चिठ्ठीवर लिहिली होती त्याच जागी.

आज सकाळी पट्टी काढून उजव्याने पाहिले. डोळा लाल आहे पण उघडतो. गडद रेघा आहेत. पुसट कुठेच नाहीत. डाव्याने आहे, उजव्याने नाही. डाव्याने आहे, उजव्याने नाही. गोजराबाईने येऊन विचारले, "दार उघडझाप करताय का डोळ्यांचं?" मी तिच्यावर ओरडलो. मग तिला बोलावून माफी मागितली. तिला दोन्हीचे कारण कळले नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरीसारखे यंत्र डोळ्यावर धरून आत पाहिले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध जुना डाग आहे म्हणाले, भाजल्यासारखा. ठळक वस्तू दिसतील, पुसट असेल ते गिळले जाईल. डावा डोळा उत्तम, म्हणून रोजच्या व्यवहारात तुम्हाला कधी जाणवले नाही.

"सूर्याकडे कधी पाहिले होते का?"

पाहिले होते. मे बासष्ट. सूर्याच्या दुर्बिणीवरचा माणूस रजेवर होता, महिनाभर त्याचे काम माझ्याकडे होते. एका दुपारी काळी काच नीट बसली नव्हती आणि मी डोळा लावला. अर्ध्या मिनिटाचीही गोष्ट नाही. चार दिवस हिरवा ठिपका दिसला, मग गेला. मी कुणाला सांगितले नाही, कारण काळी काच तपासणे माझेच काम होते.

डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. मी म्हटले, मला उपाय नको होता. त्यांना ते विचित्र वाटले असावे.

येताना एस.टी.त शेजारी कोण होते, आठवत नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी

खरे लिहिण्यासाठी वही आहे, तर खरेच लिहितो. आज दिवसभर मी स्वतःला वाचवायचे मार्ग शोधत होतो. एक सापडलाही. डाव्या डोळ्याने सगळे पुन्हा वाचायचे, संचालकांना लिहायचे की फेरतपासणीत काही प्रकार बदलले, टिपण मागे घेतो. यादी बरोबर छापली जाईल, माझे नाव राहील. नामदेवबद्दल कुणी विचारणार नाही, कारण कुणाला आठवतही नाही. माझ्या डोळ्यात कोण वाकून बघणार आहे!

आकाशातले तारे बदलले असे मी त्या पत्रात लिहिले होते. शरमेने कान तापतात. तारे होते तसेच होते. बदललो तो मी, आणि त्या बदलाचीच तारीख मी मोठ्या अभिमानाने काढून पाठवली.

दुपारी जेवलो नाही. जेवण झाकून ठेवताना गोजराबाई म्हणाली, "वैनी असत्या तर तुमाला बोलल्या असत्या." काय बोलल्या असत्या, विचारले. "ते तुमाला म्हायती हाय."

संध्याकाळच्या आत दोन पत्रे लिहिली. एक संचालकांना: मे १९६२ नंतरची माझी सर्व वाचने रद्द समजावीत, माझा उजवा डोळा तेव्हापासून सदोष आहे, ही माहिती मी लपवली, आणि जानेवारी १९६४ मध्ये नामदेव तामोरे यांचे वाचन बरोबर होते, त्यांच्यावरचा माझा शेरा चुकीचा होता. दुसरे पत्र नामदेवच्या हाती देण्यासाठी, हाच मजकूर, डॉक्टरांच्या दाखल्यासह. पहिले पत्र लगेच टपालपेटीत टाकले. घरात ठेवले असते तर उद्या माझे मन फिरले असते. मी मला ओळखतो.

सोमवार, २० फेब्रुवारी

काल रविवार होता, त्याच्या सुट्टीचा दिवस. सातपाटीहून होडीने खाडी ओलांडली. होडीवाल्याने विचारले, "आज वारा नाय खायचा?" पिशवीत पत्र, हातभिंग आणि रुमालात गुंडाळलेल्या दोन काचा, चौसष्टची आणि नवी.

सुगंधा अंगणात वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मला पाहून तिने पदर सावरला आणि आत हाक दिली. नामदेव दारात आला. तिशीचा असेल, पण केस कानांवर पांढरे झाले आहेत. सिमेंटने हात चिरलेले. "या, भाऊ," म्हणाला. खाट पुढे केली. आपण उभा राहिला.

वाटेत मी पुष्कळ जुळवून ठेवले होते. त्यातले काहीच बोललो नाही. "रेघ होती. माझा डोळा गेलेला होता. तू बरोबर होतास," एवढेच म्हटले आणि पत्र दिले.

त्याने पत्र सावकाश वाचले. डॉक्टरांचा दाखला वाचला. दोन्ही घडी करून सुगंधाकडे दिले. ती कागद छातीशी धरून उभी राहिली. मला वाटले, झाले. इतक्या सहजपणे झाले याचे थोडे बरेही वाटले, हे कबूल करतो.

मग तो म्हणाला, "वैनींच्या तेराव्याला मी आलतो."

"मी पाहिले होते."

"बोलला नाय."

"नाही बोललो. चुकले माझे, नामदेव."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "नोकरीचं जाऊ दे भाऊ, ती मिळंल नायतर नाय. दुसरंच सांगतो. त्या दिवशी तुमी नाय म्हटलंत, आनि मी परत बघितलं, तर मला खरंच नाय दिसली. मी फिरलो नाय. दिसायचीच बंद झाली. मनात म्हटलं, भाऊ म्हणतात ना नाय, मग नाय. तवापासून माझं बघणं गेलं. बापाच्या होडीवर जातो तवा जाळ्याचा बावटा लांबून दिसतो, तरी बाजूच्याला विचारतो, तुला दिसतो काय? गोणीवरचा आकडासुद्धा दुसऱ्याकडनं वाचून घेतो. लोक हसतात. हितल्या कोणालाबी म्हायती नाय मी असा का झालो. ह्या कागदानं ते कसं परत येनार?"

मी त्याची नोकरी घालवली एवढेच समजून आलो होतो.

शेवटी मी पिशवीतून रुमाल काढला, नवी काच उघडली आणि भिंग त्याच्यापुढे धरले. त्याने दोन्ही हात मागे नेले.

"नको."

"ही तू कधी पाहिलेली नाहीस. गेल्या महिन्यातली आहे. वेधशाळेत दोघांचे पटलेले नाही."

"आधी तुमी सांगा, तुमाला काय दिसतं?"

"नाही सांगणार."

"भाऊ, तुमी सांगा."

"नाही."

तो उठला. हात धुऊन आला, पुसले, अजून ओलसर आहेत म्हणून पुन्हा पुसले. काच कडेने उचलली. हे त्याला सुलूच्या स्वयंपाकघरात बशीवर शिकवले होते. दारात जाऊन ती आभाळापुढे धरली, भिंग लावले. बराच वेळ गेला. मध्येच त्याने भिंग काढून माझ्या तोंडाकडे पाहिले. मी काय मनात धरले आहे ते तो माझ्या तोंडावर शोधत होता. मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. साठीला आलेला माणूस, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

पाठीमागून आवाज आला. "मधल्या जाड रेघेच्या उजवीकडं. पुसट हाय. रुंद हाय." मग थांबला. मी वळलो नाही. जीभ चावून धरली होती. "हाय," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. "हाय, भाऊ. कोनी नाय म्हटलं तरी हाय."

तेव्हा मी वळलो आणि म्हटले, "मलाही डाव्याने दिसली. तिथेच."

त्याने काच खाली घेतली. डोळे भरले होते, पण रडला नाही. चौसष्टची काच खाटेवर रुमालात होती. तिला त्याने हात लावला नाही. "ती तुमी बघा," म्हणाला. "माझ्यासमोर."

मी ती उचलली, दारात गेलो, डावा डोळा लावला. खरे तर हातभिंगातून ती नीट दिसायलाही कठीण. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. मी मोठ्याने म्हणालो, "आहे." सगळ्यांनी ऐकले. त्यातल्या कुणालाही काय आहे ते कळले नाही, नामदेवला सोडून.

हातातली नवी काच परत देत तो म्हणाला, "सत्तावीसला यंत्रापुढं बसवतील. काटा वाचायला सांगतील. बाजूला इचारायला कोन नसंल."

"नसेल."

"बरं," म्हणाला.

वारा पडायच्या आत सुकलेले बोंबील उचलायचे होते. दोघे अंगणात गेली. मला कुणी बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. खाटेवर एकटा बसून होतो. घरी जाऊनही तेच करायचे होते. मग उठलो आणि वलांडीच्या दुसऱ्या टोकाने बोंबील काढायला लागलो. सुकलेले टोपलीत, ओले राहिलेले परत वर. हे काम मी जन्मात केलेले नाही. ओला कोणता, सुका कोणता, मला कळेना. दर बोंबलाला नामदेवला विचारत होतो. तिकडे होडीवाल्याने सुटण्याची हाक दिली, तीही मी ऐकली आणि गेलो नाही. नामदेव हातातले काम टाकून यायचा, मी पुढे केलेला बोंबील उजेडाकडे धरायचा, आणि सांगायचा.